टायर आधी सुटतो, मग फुटतो

भरधाव गाडीचा टायर गेला की खापर खिळ्यावर, खड्ड्यावर नाहीतर उन्हावर फुटतं. पण असा टायर तपासायला घेतला की पुष्कळदा वेगळंच दिसतं. रस्त्याला टेकणारा जाड पट्टा, म्हणजे ट्रेड, खालच्या पोलादी बेल्टसकट सोलून निघालेला असतो. कधीकधी तर ट्रेड निघून गेला तरी आतली हवा शाबूत असते. टायर म्हणजे रबराचं कडं, ही आपली समजूत इथे तोकडी पडते. टायर हा एकावर एक चिकटवलेल्या थरांचा डोलारा आहे आणि तो किती भरवशाचा, हे रबराइतकंच त्या चिकटण्यावर ठरतं.

सगळ्यात आत हवा अडवणारं हॅलोब्युटाइल रबराचं अस्तर, त्यावर बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा सांगाडा, रिमला आवळून धरणारी बीडची तार, मग पोलादी तारांचे दोन बेल्ट आणि वर ट्रेड. मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलेला आणि 1949 मध्ये बाजारात आणलेला रेडियल टायर आज सगळीकडे आहे, तो ढोबळमानाने असा.

यातली सगळ्यात अवघड सोयरीक पोलाद आणि रबराची. दोघं आपणहून एकमेकांना धरत नाहीत. म्हणून पोलादी तारेवर पितळेचा मुलामा देतात, तोही मायक्रॉनच्या काही अंशाइतका पातळ. रबरात गंधक घालून तापवलं की त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि चिकट गोळ्याचं लवचिक, टिकाऊ रबर होतं, हा शोध चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये लागला. टायरच्या साच्यात तोच गंधक दुसरं कामही करतो. पितळेतल्या तांब्याशी संयोग होऊन तारेवर कॉपर सल्फाइडचा खडबडीत थर उगवतो आणि रबर त्यात रुतून बसतं. हा थर अगदी पातळ राहिला तर पकड येत नाही, वाजवीपेक्षा जाड झाला तर ठिसूळ होतो. साच्यातल्या दहा-पंधरा मिनिटांत, दीडशे अंशांच्या वरच्या तापमानाला, रबर पक्कं होणं आणि हा थर तयार होणं या दोन्ही क्रिया एकाच वेळी जुळून याव्या लागतात. टायर कारखान्याचं खरं कसब इथे आहे, असं मला वाटतं. ट्रेडवरची नक्षी त्यानंतरची गोष्ट.

आता बेल्टची कड जवळून पाहू. रबर चढवलेली तारांची चादर तिरकी कापून बेल्ट बनतो. कापलं की प्रत्येक तारेचं टोक उघडं पडतं आणि त्या टोकावर पितळ नसतं, नुसतं पोलाद असतं. तिथे रबर नीट धरत नाही. शिवाय दोन बेल्टमधल्या तारा परस्परविरुद्ध दिशांना तिरक्या असतात. टायरचा भाग रस्त्याला टेकून चपटा होतो तेव्हा त्यांच्या कडा एकमेकींवर सरकू पाहतात आणि मधलं रबर ओढलं जातं. मोटारीच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर धरला, तर 60,000 किलोमीटरमध्ये हे सुमारे 3 कोटी वेळा होतं. भेग सहसा याच टोकांशी जन्मते, तारेतारेने पुढे सरकते आणि दोन बेल्टच्या मध्ये शिरते. बाहेरून टायर ठणठणीत दिसत असतो.

उपाय माहीत आहेत. दोन कडांच्या मध्ये रबराची जास्तीची पट्टी घालायची, बेल्टवरून नायलॉनचा वेढा द्यायचा. वेग वाढला की बेल्ट बाहेर फेकला जाऊ पाहतो, त्याला नायलॉन आवळून धरतो. पण त्याने टायरचं वजन वाढतं, खर्च वाढतो आणि गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही.

या न दिसणाऱ्या जागेची किंमत अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने दोनदा मोजली. 1978 मध्ये तिला ‘500’ मालिकेतले सुमारे 1 कोटी 45 लाख टायर परत बोलवावे लागले. तिथे पोलाद आणि रबर यांची पकडच सुटत होती. ऑगस्ट 2000 मध्ये पुन्हा सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले. त्यातले पुष्कळसे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना लागलेले होते. ट्रेड सुटून झालेल्या अपघातांतल्या मृत्यूंची सरकारी नोंद 271 वर गेली. तपासात बेल्टच्या कडेपाशी भेगा आणि दोन बेल्टमधलं अपुरं रबर पुढे आलं. फोर्डने या गाडीसाठी फक्त 26 पीएसआय दाब सुचवला होता, यावरून दोन्ही कंपन्यांत जाहीर भांडण जुंपलं. बहुतेक घटना ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांतल्या, यातही नवल नाही. दाब कमी असला की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो आणि तापलेल्या रबरात भेग लवकर वाढते.

म्हणून चांगला कारखाना दमट हवेला भितो. रबर चढवलेली पोलादी चादर ओलसर हवेत पडून राहिली तर पकड बिघडते. तयार टायरचं क्ष-किरण चित्र घेतलं की तारांमधलं अंतर दिसतं, पण थरांमध्ये अडकलेली हवा सहसा दिसत नाही. त्यासाठी एक झकास युक्ती आहे: टायर बंद पेटीत ठेवून पेटीतली हवा खेचून घ्यायची. बाहेरचा दाब उतरला की आतला दडलेला बुडबुडा फुगतो, वरचा पृष्ठभाग केसाहूनही बारीक उचलला जातो आणि लेझरच्या प्रकाशात तो फुगवटा पकडला जातो. याला शिअरोग्राफी म्हणतात.

टायर न वापरताही म्हातारा होतो. आतल्या दाबाखालचा ऑक्सिजन अस्तरातून झिरपत बेल्टपर्यंत पोचतो आणि रबर कडक करतो. बाहेरून ओझोन भेगा पाडतो. ओझोनपासून वाचवायला रबरात 6-पीपीडी नावाचं रसायन घालतात. मात्र झिजलेल्या टायरच्या कणांतून येणारं त्याचं रूपांतर कोहो जातीच्या सामन माशांना मारक ठरतं, हे 2020 मध्ये उघड झालं. आता पर्यायाचा शोध चालू आहे आणि तो सोपा नाही.

विक्रीची बाजू मला जास्त खटकते. जाहिरात पकडीची, मायलेजची आणि कमी आवाजाची होते. बेल्टच्या कडेची कधी होत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती उरतात ती टायरच्या बगलेवरची अक्षरं. 91एच म्हणजे 615 किलोपर्यंत भार आणि ताशी 210 किलोमीटरपर्यंत वेग. डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या संकेताचे शेवटचे चार आकडे 2319 असले, तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर गोदामात किती वर्षं पडून होता, हे त्यावरून कळतं. डिकीतल्या स्टेपनीलाही हाच हिशोब लागू. तिची नक्षी कोरी करकरीत असते, वय मात्र वाढत असतं.

फायरस्टोन प्रकरणानंतर 2000 मध्येच झालेल्या अमेरिकी कायद्याने कंपन्यांना तक्रारी आणि भरपाईचे दावे नियमितपणे सरकारला कळवणं भाग पाडलं. त्याच कायद्यामुळे नव्या मोटारींत दाबाचा इशारा देणारा दिवा आला. तो 2007 च्या सप्टेंबरपासून तिथल्या सर्व नव्या मोटारींना सक्तीचा झाला. पण दाब 25 टक्के उतरल्यावर दिवा लागला तरी नियमाला चालतं. 32 पीएसआयचा टायर तोवर 24 वर आलेला असतो, म्हणून महिन्यातून एकदा गेज लावणं सुटत नाही. दाब मोजायचा तो गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा चढलेलाच दिसतो, आणि तो पाहून हवा काढली तर टायर थंड झाल्यावर कमी दाबावरच राहतो.