काचेवरून खिशात

सेक्टर 10 वाशीत आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई शिस्तीत आखली, पण प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, आकडे पुन्हा एकपासून मोजले. ठाण्यात तर चौक ओळखायचे ते कारखान्यांच्या नावाने: नितीन कंपनी, कॅडबरी. रस्ता सांगणारं यंत्र अशा ठिकाणी हातोहात खपायला हवं होतं.

उपग्रहांच्या सिग्नलवरून आपण कुठे आहोत ते सांगणारं जीपीएस मुळात अमेरिकन लष्कराचं. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकली गेली आणि शंभरेक मीटरची अचूकता दहा-वीस मीटरवर आली. तेव्हा कुठे यंत्राला गल्ली ओळखता येऊ लागली. परदेशात गार्मिन, टॉमटॉम आणि आपल्याकडे मॅपमायइंडिया यांचे रस्ता सांगणारे डबे गाड्यांच्या काचांना चिकटले. नकाशा डब्यातच साठवलेला, म्हणून इंटरनेटची गरज नाही. पण घोडबंदर रोडवर एकामागून एक पूल उभे राहत गेले आणि डब्यातला नकाशा होता तिथेच राहिला. अपडेट घेईपर्यंत त्यातली बाई नसलेल्या वळणावर वळायला सांगायची. आमच्या ओळखीत तर बहुतेकांनी अपडेट कधी घेतलंच नाही.

2007 मध्ये नोकियाच्या एन95 फोनमध्ये जीपीएस आलं. फोनला उपग्रहांची माहिती मोबाइल नेटवर्ककडूनही मिळू शकते, त्यामुळे आकाश धुंडाळण्यात वेळ जात नाही. तरी खरा घाव किमतीचा होता. ऑक्टोबर 2009 मध्ये गुगलने अमेरिकेत अँड्रॉइडवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट जाहीर केलं, त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर कोसळले. जानेवारी 2010 मध्ये नोकियानेही ते फुकट केलं. फुकट आणि शिवाय खिशातच, मग वेगळा डबा कोण घेणार?

आपल्याकडे मात्र फोनचा पुरता जम बसला तो 2016 नंतर डेटा स्वस्त झाल्यावर. ऐरोलीच्या पुलावरची कोंडी फोन दाखवतो ती तिथे अडकलेल्यांच्याच फोनवरून. एकट्या डब्याला हे जमण्यासारखं नव्हतं. डिसेंबर 2017 मध्ये गुगलच्या नकाशात दुचाकीसाठी वेगळा मार्गही आला. डबे उरले ते मुख्यतः रेंज नसलेल्या डोंगरांत फिरणाऱ्या ट्रेकर्सकडे.

उंचीच्या बाबतीत जीपीएस कच्चं, त्यामुळे माजिवड्याला आपण पुलावर आहोत की पुलाखाली, यात फोनही गोंधळतो. पूल घ्यायचा की नाही हे आधीच सांगणारी सूचना गुगलने भारतात आणली, तीही जुलै 2024 मध्ये.