छायाप्रकाश व छटा : प्राथमिक शाळेतील अध्यापन

वस्तूवर उजेड पडला की तिच्या पृष्ठभागावर फिकटापासून गडदापर्यंत जे टप्पे दिसतात, त्यांना छटा किंवा टोन म्हणतात. हे टप्पे कागदावर उतरवून सपाट आकृतीला उठाव देणे म्हणजे छायाप्रकाश दाखवणे. शाळेत याला सरसकट ‘शेडिंग’ म्हणतात. अमेरिकन चित्रकार व कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांच्या छटांच्या मापनात काळ्याला ० आणि पांढऱ्याला १० हे मूल्य आहे. लहान मुलांना पाच टप्पे पुरेसे होतात.

मूल आधी बाह्यरेषा काढते आणि मग आतला भाग एकसारखा काळा करते. म्हणून या विषयाची सुरुवात पेन्सिलीने नव्हे, बघण्याने व्हायला हवी. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत सहज मिळणारी मोसंबी यासाठी उत्तम. दारातून येणाऱ्या उजेडात ती ठेवावी. खिडक्या दोन असतील तर एक लावून घ्यावी, नाहीतर सावल्याही दोन पडतात. डोळे किलकिले केले की बारकावे पुसट होतात आणि चकाकी, उजळ भाग, मध्यछटा, गडद पट्टा व जमिनीवरची पडछाया वेगवेगळ्या दिसू लागतात. मुलांच्या नजरेतून हमखास सुटतो तो सावलीच्या बाजूला खालून उसळलेला उजेड. मोसंबीखाली आधी पांढरा कागद आणि नंतर काळी पाटी ठेवली की तिची खालची कड लगेच बदलते. कितीही समजावून सांगितले तरी जे डोक्यात शिरत नाही, ते इथे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

सावलीसाठी सकाळचा तास सोयीचा. मराठवाड्यात मेच्या मध्यावर सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा शाळेला सुट्टी असली, तरी मार्च-एप्रिलमध्येही दुपारच्या सावल्या आखूडच असतात. सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला मुलांना अंगणात न्यावे.

लिहिण्याच्या एचबी पेन्सिलीने खरा गडदपणा येत नाही. मूल जोर देते, कागद चकाकतो किंवा फाटतो. २बी किंवा ४बी पेन्सिल द्यावी. ती नसेल तर रेषांवर आडव्या रेषांचे थर चढवावेत. बोटाने घासणे मात्र सुरुवातीला टाळावे, कारण त्याने सगळे टप्पे एकमेकांत मिसळून राखाडी होतात.

याच भूमीवरच्या अजिंठ्यात उठावाची वेगळी रीत दिसते. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रात त्याच्या अंगावर एका बाजूने येणारा उजेड नाही. कडा गडद आणि वर आलेला भाग उजळ आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हा चित्रकलेवरचा भाग अशा छायेला वर्तना म्हणते आणि तिचे तीन प्रकार सांगते : पानाच्या शिरांसारख्या रेषांची पत्रज, अतिसूक्ष्म ऐरिक आणि ठिपक्यांची बिंदुज. पहिली व तिसरी पाचवीच्या मुलांनाही जमते. मोसंबीच्या सालीला तर ठिपकेच शोभतात. सहलीत ‘उजेड कुठून येतोय?’ हा प्रश्न अजिंठ्याच्या चित्रांना लावू नये. तिथे ‘कोणता भाग पुढे आला?’ असे विचारावे.

रंगांकडे वळल्यावर सावलीत थेट काळा मिसळण्याची सवय लागू देऊ नये. मोसंबीच्या सावलीत गडद हिरवा, तपकिरी, थोडा निळाही दिसतो. पुढे एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत वस्तू समोर ठेवून चित्र रंगवावे लागते, आणि तिथे काळ्याने मळलेली सावली लगेच नजरेत भरते.