रॉकवूलचं पाकीट फोडण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. मातीविना रोपं वाढवायला आमच्याकडून तुम्ही रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, क्यूब (लहान ठोकळे) किंवा स्लॅब (लांब पट्ट्या) घेतलेत, त्यासोबत हा कागद. शक्यतो क्यूब भिजत घालण्याआधीच वाचा, कारण नंतर येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या भिजवण्यातच असतं.

हातात घेतल्यावर थर्माकोलपेक्षा थोडंसंच जड वाटतं, पण हा दगड आहे. बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा जो काळा कातळ, त्याच जातीचा. तो चुनखडीसोबत साधारण १५०० अंशांना वितळवतात आणि फिरत्या चाकांवर सोडून त्याचे तंतू काढतात. जत्रेत म्हातारीचे केस काढतात तसंच. हवाईत ज्वालामुखीचा लाव्हा वाऱ्यावर उडून असेच काचेचे तंतू आपोआप तयार होतात. तिथले लोक त्यांना पेले देवीचे केस म्हणतात. भाजीपाल्यासाठी या लोकरीचा वापर डेन्मार्कमध्ये १९६९ च्या सुमारास सुरू झाला आणि नेदरलँड्सच्या काचघरांमधून पुढे पसरला. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी तिकडे वर्षानुवर्षं यावर घेतात.

दगड असल्यामुळे हे झाडाला स्वतःहून काही देत नाही. त्यातली जवळजवळ ९५ टक्के जागा रिकामी, हवेसाठी आणि पाण्यासाठी. मातीत खत थोडं कमीजास्त झालं तर माती ते सांभाळून घेते, कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) थोडंफार घेतं. रॉकवूल घेत नाही. तुम्ही जे पाणी द्याल, तेच जसंच्या तसं मुळांपाशी जातं. पाणी बरोबर असेल तर यासारखं माध्यम नाही. पाणी चुकलं तर दोनतीन दिवसांत रोप पिवळं पडून सांगतं.

आधी भिजवा, पण पिळू नका

नव्या रॉकवूलचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकं जास्त आम्ल) ७ ते ८ असतो. त्यात थेट बी टाकलं तर बी उगवतं, पण पुढे लोह मिळत नाही. नवं पान शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळं पडतं. म्हणून ॲसिड घालून पाण्याचा पीएच ५.५ वर आणा आणि त्यात क्यूब निदान अर्धा तास, जमलं तर रात्रभर बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे आतली हवा गेली. ५ च्या खाली मात्र जाऊ नका, तंतूच खराब व्हायला लागतात. बोअरचं पाणी जड असेल तर पीएच खाली आणल्यावरही काही तासांत परत वर चढतो, तेव्हा सकाळी पुन्हा मोजा. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

बाहेर काढल्यावर क्यूब जाळीवर ठेवून आपोआप निथळू द्या. स्पंजासारखा दाबायचा मोह होतो. दाबला की तंतू मोडून बसतात, हवेची जागा जाते आणि मुळं गुदमरतात. एकदा चेपलेला क्यूब पुन्हा फुलत नाही.

लेट्यूसचं बी

वरच्या खड्ड्यात एक बी, वर काही झाकण नको. लेट्यूसला उगवताना उजेड लागतो. २० अंशांच्या आसपास दोन ते चार दिवसांत पांढरं मूळ खाली वळताना दिसतं. उन्हाळ्यात पारा तिशीपुढे गेला की बी झोपूनच राहतं, ते खराब निघालं असं समजू नका. ट्रे घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. अंकुर दिसला त्याच दिवशी भरपूर उजेडात आणा. एक दिवस उशीर झाला तरी रोप बारीक दोऱ्यासारखं लांबतं आणि आडवं पडतं.

पाणी कधी द्यायचं, हे बोटाने कळत नाही, कारण वरचा भाग कोरडा दिसला तरी तळ ओला असतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. चार सेंटीमीटरचा क्यूब भिजून निथळला की पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतो; तुमचा आकडा लिहून ठेवा. तिशीला आला की पाणी द्या. आठवडाभरात तळहातालाच तो भार कळायला लागतो, मग काट्याची गरज उरत नाही. खत सुरुवातीला हलकंच, ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते सांगणारा मीटरचा आकडा) १ च्या आत. तळातून मुळं डोकावली की एनएफटीच्या पाइपात (ज्यात खताच्या पाण्याचा पातळ थर मुळांखालून वाहत राहतो) किंवा नेट पॉटमध्ये, म्हणजे जाळीदार कुंडीत, हलवा.

क्यूबवर हिरवं शेवाळ धरलं तर झाडाला लगेच अपाय नाही, पण त्यावर बारीक काळ्या माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. क्यूबचा माथा काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकने झाका, पांढरी बाजू वर. शेजारी एक पिवळा चिकट सापळा लावा.

स्लॅब घेतलेल्यांसाठी

स्लॅब आधी पिशवीतच पाण्याने पूर्ण भरा, एक दिवस तसाच ठेवा, मगच निचऱ्यासाठी सर्वांत खालच्या बाजूला चिरा द्या. चीर दोन झाडांच्या मधे हवी, ड्रिपरच्या खाली नको. नाहीतर पाणी मुळांना न भेटता निघून जातं. पाणी थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. सूर्य उगवल्यावर तास-दोन तासांनी सुरू आणि मावळण्याआधी तास-दोन तास बंद. दिलेल्या पाण्यापैकी २० ते ३० टक्के खालून बाहेर पडलं पाहिजे. ते निचऱ्याचं पाणी रोज मोजा. त्याची ईसी ड्रिपरच्या पाण्यापेक्षा फार चढली तर क्षार साचताहेत, पाणी वाढवा.

हार्डवेअरमधलं रॉकवूल चालेल का?

नाही. छतासाठी, बॉयलरसाठी मिळणाऱ्या मालात पाणी लागू नये म्हणून तेल मारलेलं असतं. सुरुवातीला एका पुरवठादाराने आम्हाला तोच माल "एकच आहे" म्हणून दिला होता. ट्रेमध्ये पाणी ओतलं तर अळवावरच्या थेंबांसारखं वरच गोळा होऊन बसलं, आणि त्या खेपेची सगळी रोपं आम्ही टाकून दिली. तेव्हापासून प्रत्येक खेपेतला एक क्यूब भिजवून बघितल्याशिवाय आम्ही माल विकत नाही.

हात, धूळ आणि जुने क्यूब

कोरड्या क्यूबची धूळ खाजते. उघडताना मास्क आणि हातमोजे घाला, कापायचं असेल तर आधी ओलं करा. लहान मुलांना कोरडं रॉकवूल हाताळू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये दगडी लोकर तिसऱ्या गटात टाकली, म्हणजे कर्करोग होतो असं ठरवायला पुरेसा पुरावा नाही. तरी डोळ्यांची आणि त्वचेची जळजळ खरीच आहे.

हे कुजत नाही. कंपोस्टमध्ये घालू नका, जाळू नका. वापरलेले क्यूब ओले असतानाच कुस्करून शोभेच्या झाडांच्या कुंडीतल्या मातीत मिसळता येतात. कुजत नाही हीच याची मोठी उणीव आहे, आणि म्हणूनच गच्चीवर चार कुंड्यांत कोथिंबीर-पालक घ्यायचा असेल तर आम्ही तुम्हाला कोकोपीटच सुचवू. पॉलिहाऊसमध्ये किंवा एनएफटीवर एकसारखी रोपं हवी असतील, पीएच मीटर आणि ईसी मीटर हाताशी असतील, तर रॉकवूल घ्या. मीटर नसेल तर आधी मीटर घ्या. क्यूब नंतर आले तरी चालतील.