स्मितहास्य : आरोग्य आणि दैनंदिन व्यवहार

ओठांची टोके वर आणि मागे खेचली जाऊन, बहुधा आवाज न होता, चेहऱ्यावर उमटणाऱ्या भावाला स्मितहास्य किंवा स्मित म्हणतात. आवाज, श्वासाचे हिसके आणि पोटाच्या स्नायूंची हालचाल ज्यात असते ते मोठ्याने हसणे ही शरीरशास्त्राच्या दृष्टीने वेगळी क्रिया आहे. लोकप्रिय आरोग्यलेखनात मात्र एकीचे फायदे दुसरीच्या खाती सर्रास जमा केले जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्मिताचा आणि ठाणे–नवी मुंबई परिसरातील सकाळच्या हास्यगटांच्या अनुषंगाने हेतुपूर्वक हसण्याचा विचार केला आहे. स्मिताने मनःस्थितीत थोडी पण खरी सुधारणा होते, ताण ओसरताना हृदयगती काहीशी लवकर खाली येते आणि माणसामाणसांतील व्यवहार सुकर होतो, एवढे संशोधनावरून म्हणता येते. आयुर्मान वाढते, रोग बरे होतात, या दाव्यांना तितका भक्कम आधार मिळालेला नाही.

स्मितात दोन स्नायूंचे काम प्रमुख असते. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू ओठाचे टोक वर खेचतो, तर डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली हा वर्तुळाकार स्नायू आकुंचन पावला की गाल उचलले जाऊन डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात. दोन्ही स्नायूंना मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी सातव्या जोडीकडून संदेश मिळतात. हसायला अमुक इतके आणि कपाळाला आठ्या घालायला त्याहून कितीतरी जास्त स्नायू लागतात, हे वाक्य दवाखान्यांच्या भिंतींपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र आढळते. त्यातील आकडे दर ठिकाणी निराळे असतात, आणि तेवढ्यावरूनच त्यांची विश्वसनीयता लक्षात यावी. ठरवून केलेले हसू आणि आपसूक उमटलेले हसू यांचे मेंदूतील मार्ग काही अंशी वेगळे आहेत. पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘हसून दाखवा’ म्हटल्यावर ओठाची एक बाजू हलवता येत नाही, पण गमतीची गोष्ट ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी सारखे हसू उमटते.

हा भेद नोंदवण्याचे श्रेय बहुधा फ्रेंच वैद्य ग्योम द्युशेन (१८०६–७५) यांना दिले जाते. चेहऱ्याची संवेदना जवळजवळ नाहीशी झालेल्या एका वृद्धाच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन त्यांनी निरनिराळे भाव उत्पन्न केले, त्यांची छायाचित्रे घेतली आणि १८६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओठाचा स्नायू इच्छेच्या आज्ञेत वागतो, डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदावाचून हलत नाही, असे त्यांचे मत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्यांसकट उमटणाऱ्या हसूला द्युशेन यांचेच नाव दिले. पुढील संशोधनात मात्र अनेक लोकांना डोळ्यांसकट हसण्याची बतावणी जमते असे आढळल्याने, डोळ्यांच्या सुरकुत्या हा खरेपणाचा पुरावा न मानता तीव्रतेचे लक्षण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हसल्याने आनंद होतो, की आनंद झाल्याने हसू येते, हा या विषयातील सर्वांत जुना वाद. चेहऱ्याच्या हालचालीचा परिणाम भावनेवर होतो या कल्पनेचे जनकत्व कोणाकडे जाते, यावर एकमत नाही. भावनेची बाह्य चिन्हे मोकळेपणाने प्रकट केली तर ती भावना तीव्र होते आणि दाबली तर सौम्य होते, असे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये लिहिले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये त्याहून पुढे जाऊन शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भावना असे प्रतिपादन केले. परंतु त्यांचा रोख संपूर्ण शरीरावर होता, केवळ चेहऱ्यावर नव्हता. चेहऱ्याला मध्यवर्ती स्थान १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सिल्व्हन टॉमकिन्स यांनी दिले. याखेरीज इझ्राएल वेनबॉम या फारशा परिचित नसलेल्या फ्रेंच वैद्याने १९०७ च्या सुमारास मांडलेला एक तर्क आहे, आणि तो उल्लेखनीय ठरतो. चेहऱ्याचे स्नायू आवळले वा सैल झाले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण बदलते आणि त्यामुळे मनःस्थिती पालटते, असे त्यांचे म्हणणे होते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायंक यांनी १९८५ मध्ये या विस्मृत सिद्धांताचा पुरस्कार केला आणि काही वर्षांनी त्याची परीक्षाही घेतली. ‘ई’ हा स्वर उच्चारताना ओठ फाकतात, तर जर्मन भाषेतील ओठ पुढे काढून उच्चारला जाणारा ‘उ’सदृश स्वर म्हणताना चेहरा आवळला जातो, दुसऱ्या स्वराने कपाळाचे तापमान किंचित वाढते आणि लोकांना तो उच्चार कमी सुखद वाटतो, असे त्यांना दिसले. छायाचित्रकार ‘चीज’ म्हणायला सांगतात त्यामागे एवढे शास्त्र असेल असे नव्हे. वेनबॉम यांचे रक्ताभिसरणाचे स्पष्टीकरण आज जवळपास कोणी स्वीकारत नाही. डार्विन यांचे सावध विधान मात्र पुढील प्रयोगांच्या निष्कर्षांशी सर्वांत जास्त जुळते.

या प्रयोगांपैकी १९८८ मधील फ्रिट्झ श्ट्राक आणि सहकाऱ्यांचा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात ९२ जणांना व्यंगचित्रे दाखवली. काहींनी पेन दातांत धरले होते, म्हणजे नकळत हसण्याची ठेवण झाली होती. काहींनी ते ओठांत धरले होते, म्हणजे ती ठेवण रोखली गेली होती. आणि काहींनी ते हातात धरले होते. शून्य ते नऊ या मापावर दातांत पेन धरणाऱ्यांनी चित्रांना सरासरी ५.१४, तर ओठांत धरणाऱ्यांनी ४.३२ गुण दिले. जवळजवळ तीन दशके हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत निःशंकपणे छापला गेला. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून १,८९४ व्यक्तींवर तोच प्रयोग केला तेव्हा फरक ०.०३ इतका, म्हणजे नगण्य, निघाला. सहभागी व्यक्तींवर कॅमेरा रोखलेला होता आणि आपण पाहिले जात आहोत या जाणिवेने परिणाम पुसला गेला, असा आक्षेप घेण्यात आला. कॅमेऱ्यासह आणि कॅमेऱ्याशिवाय घेतलेल्या एका इस्रायली प्रयोगाने २०१८ मध्ये त्याला काही पाठबळ दिले. २०१९ मध्ये १३८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून परिणाम आहे, पण लहान आहे, असा निर्वाळा मिळाला. २०२२ मध्ये १९ देशांतील ३,८७८ व्यक्तींवर झालेल्या संयुक्त अभ्यासात, या सिद्धांताचे समर्थक आणि विरोधक या दोघांनी मिळून आखणी केली असल्याने, वादाला बराच आळा बसला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल करणे किंवा गाल मुद्दाम उचलणे यांनी आनंदाची भावना थोडी वाढली. पेनच्या युक्तीबाबत निर्णायक पुरावा मिळाला नाही.

शारीरिक परिणामांविषयीचे पुरावे याहून विरळ आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १६९ जणांना जेवणाच्या काड्या तोंडात निरनिराळ्या प्रकारे धरायला लावून बर्फाच्या पाण्यात हात बुडवण्यासारखी त्रासदायक कामे दिली होती. हसरी ठेवण असलेल्यांची हृदयगती ताणानंतर लवकर खाली आली. यातील काहींना आपण हसत आहोत हे ठाऊकही नव्हते. त्याच धर्तीवर पुढे सुईच्या वेदनेवर झालेल्या प्रयोगात डोळ्यांसकट हसणाऱ्यांना वेदना कमी जाणवल्या, पण तोंड वेंगाडणाऱ्यांनाही तितक्याच कमी जाणवल्या. हृदयगती मंदावण्याचा लाभ मात्र हसणाऱ्यांनाच झाला. लसीकरणाच्या खोलीत ‘हसा, दुखणार नाही’ असे सांगणाऱ्या परिचारिकेचा सल्ला अर्ध्याहून अधिक बरोबर ठरतो. आयुर्मानाबाबत मात्र सावध राहणे भाग आहे. १९५२ मधील बेसबॉल खेळाडूंच्या छायाचित्रांवरून दिलखुलास हसणारे अधिक जगले असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. अधिक खेळाडूंची माहिती घेऊन २०१८ मध्ये केलेल्या पडताळणीत तो टिकला नाही.

भारतीय परंपरेत हास्याचा विचार आरोग्याच्या नव्हे, रसाच्या अंगाने झाला. साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या काळातील मानल्या जाणाऱ्या, पण ज्याच्या कालनिर्णयाबाबत मतभेद आहेत अशा नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले असून दात न दिसणारे स्मित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे लक्षण मानले आहे. तेथील आत्मस्थ आणि परस्थ या भेदाचे दोन अर्थ लावले जातात. स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे हा मूळ ग्रंथाला जवळचा अर्थ. तर हास्याचे कारण स्वतः पाहून येते ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसताना पाहून येते ते परस्थ, असे सतराव्या शतकातील पंडित जगन्नाथ यांच्या विवेचनात आढळते. आजच्या संदर्भात दुसरा अर्थ अधिक उपयोगी आहे, कारण हास्यगटांचा सारा डोलारा परस्थ हास्यावरच उभा आहे.

हेतुपूर्वक हसण्याची ही चळवळ मुंबईतलीच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीतील लोखंडवाला भागातल्या उद्यानात पाच जणांसह पहिला हास्यक्लब सुरू केला. आरंभी विनोद सांगितले जात; थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपून अश्लील आणि बोचरे उरल्यावर विनोदाशिवाय हसण्याची, हास्ययोग म्हणून ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. ठाण्यातील तलावकाठचे फिरण्याचे रस्ते आणि नवी मुंबईतील सेक्टरवार उद्याने या पद्धतीला सोयीची ठरली. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक गोल उभे राहतात, बोटे आणि तळवे पूर्ण जुळतील अशा टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’ म्हणतात, मग हात वर नेऊन दीर्घ श्वास घेतात. नमस्कार करीत एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हसणे, जीभ पूर्ण बाहेर काढून सिंहासारखे हसणे, ओठ मिटून आवाजाशिवाय हसणे असे प्रकार पाळीपाळीने होतात. ‘काकू, हात अजून वर!’ असे पुढे उभे असलेले काका ओरडले की नाटकी हसू खऱ्या हसूत विरघळते. नवख्याचा संकोच सहसा सिंहहास्यापाशी सुटतो. यातील नेमका कोणता घटक गुणकारी आहे हे ठरवणे अवघड आहे. तेहरानमध्ये उदासीनता असलेल्या वयस्क स्त्रियांवरील अभ्यासात हास्ययोग आणि सामूहिक व्यायाम या दोहोंनी उदासीनता जवळपास सारखीच कमी झाली. मोकळी हवा, दीर्घ श्वसन, ठरलेली वेळ आणि ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारी चार माणसे यांचा वाटा वजा केला, तर निव्वळ हास्याच्या पदरात किती उरेल याविषयी मतभेद होऊ शकतात. एकत्र हसण्याने वेदना सहन करण्याची क्षमता वाढते, असे मात्र रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले.

स्मिताचा खरा उपयोग व्यवहारात आहे, असे या नोंदीपुरते मत आहे. कॅनडातील एका अभ्यासात कॉफीच्या दुकानातल्या विक्रेत्याकडे हसून पाहणाऱ्या आणि दोन शब्द बोलणाऱ्या ग्राहकांना, झटपट काम उरकणाऱ्यांपेक्षा, आपलेपणाची भावना अधिक जाणवली. शेअर रिक्षातला शेजारी, सोसायटीचा वॉचमन, लिफ्टमधला वरच्या मजल्यावरचा रहिवासी, ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गावरच्या गाडीत रोज समोर बसणारा पण नाव माहीत नसलेला प्रवासी, अशा अर्धपरिचितांशी होणारी देवाणघेवाण याच वर्गात मोडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२ देशांच्या तुलनेत, ज्या देशांत विविध ठिकाणांहून स्थलांतर होऊन वस्ती झाली तेथे भावना मोकळेपणाने दाखवण्याकडे कल अधिक आढळला. भाषा समान नसली की चेहऱ्याला बोलावे लागते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर देशभरातील लोक येऊन वसलेल्या नवी मुंबईला हे स्पष्टीकरण लावण्याचा मोह होतो, पण देशांच्या तुलनेतून शहराविषयी अनुमान काढणे जपूनच करावे.

नोकरीचा भाग म्हणून हसावे लागणे याचा परिणाम मात्र उलटा होऊ शकतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून भावनिक श्रमाची संकल्पना मांडली. आतून काही वाटत नसताना वरवर हसरा चेहरा ठेवण्याचा संबंध थकवा आणि कामाविषयीच्या उद्वेगाशी असल्याचे पुढील अनेक अभ्यासांत आढळले. ठाण्यातील मॉलमधल्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्यांप्रमाणेच ऐरोली–महापे पट्ट्यातील कॉल सेंटरमधल्या तरुणांनाही हे लागू पडते, कारण हसताना ओठ फाकून आवाजाची पट्टी बदलते आणि फोनवरील ऐकणाऱ्याला ते हसू ओळखता येते, असे १९८० पासून ज्ञात आहे.

हसू लपवावे लागण्याची कारणेही आरोग्याशी निगडित आहेत. पडलेले वा डागाळलेले दात, हिरड्यांचे विकार आणि विशेषतः गुटखा व सुपारी यांमुळे तोंडाच्या आतील ऊती ताठर होऊन जबडा उघडेनासा होणे, यांमुळे माणसे तोंडावर हात धरून हसतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही हा विकार दंतवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. चेहऱ्याच्या तंत्रिकेच्या पक्षाघातात आणि कंपवातात हसू मंदावते, तेव्हा घरच्यांनी त्याचा अर्थ नाराजी असा लावू नये. तान्ह्या बाळात समोरच्याला पाहून येणारे हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांत दिसू लागते. तीन महिन्यांपर्यंत ते न दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवणे योग्य. स्मिताला पथ्य नाही. मोठ्याने हसण्याचे व्यायाम मात्र हर्निया, नुकतीच झालेली पोटाची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावेत, आणि गटात असतील तर मूक हास्यावर भागवावे.