हवेचा भार चाकांपर्यंत: लोटस संघाने पंचवीस वर्षे सोडवलेले एक गणित

१०० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावरून एखादी गाडी जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकेल, हा शाळेतल्या भौतिकशास्त्रात सहज बसणारा प्रश्न आहे. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक १ धरला, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. या गणितातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्यात गाडीचे वस्तुमान कुठेच उरत नाही. गाडी जड असेल तर टायर रस्त्यावर जास्त जोराने दाबले जातात आणि घर्षण वाढते हे खरे, पण त्या जड गाडीला वळवायलाही तितक्याच पटीने जास्त बल लागते, आणि दोन्ही बाजू एकमेकींना छेदून जातात. वळणावर वेग वाढवायचा असेल, तर टायरवर असा भार हवा की ज्याला स्वतःचे वस्तुमान नाही. असा भार हवेखेरीज दुसरे कोणीही देऊ शकत नाही. त्या वळणावर हवेने गाडीला तिच्या वजनाइतक्याच बलाने खाली दाबले, तर तीच गाडी, तेच टायर आणि तोच रस्ता असताना वेगाची मर्यादा ताशी १५९ किलोमीटरपर्यंत जाते. प्रत्यक्षात भार वाढेल तसा टायरचा घर्षणांक थोडा घसरतो, त्यामुळे फायदा गणितापेक्षा कमी पडतो. तरीही तो इतका मोठा आहे की गेल्या साठ वर्षांतल्या शर्यतीच्या गाड्यांचा इतिहास बहुतांशी या एका भारामागे धावण्याचा इतिहास आहे.

त्या धावण्यात ब्रिटनमधल्या लोटस या कारखान्याचा शर्यत-संघ सर्वांत पुढे होता, आणि सर्वांत जास्त वेळा तोंडघशीही पडला. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचे शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे झाले होते. भार कोणत्या मार्गाने कुठे जातो आणि त्या मार्गात नसलेला कोणता धातू काढून टाकता येईल, या नजरेने ते गाडीकडे पाहत. १९५८ मध्ये संघ फॉर्म्युला वनमध्ये उतरला. १९६२ च्या ‘लोटस २५’मध्ये नळ्यांचा सांगाडा काढून पत्र्याच्या पेटीसारखी घडण आली आणि जिम क्लार्क यांनी १९६३ व १९६५ ची विजेतेपदे मिळवली. १९६७ च्या ‘लोटस ४९’मध्ये इंजिनालाच सांगाड्याचा भाग करून मागची चाके त्याला जोडली गेली. या सगळ्यात गाडी हलकी आणि ताठ होत गेली; पण वर सांगितल्याप्रमाणे वळणावरच्या मर्यादेवर हलकेपणाचा परिणाम फारसा होत नाही. ती मर्यादा मोडायला हवेकडेच वळावे लागणार होते.

विमानाचा पंख उलटा बसवला की तो वर उचलण्याऐवजी खाली दाबतो, ही कल्पना लोटसची नव्हती. १९५६ मध्ये मायकेल मे या तरुण स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शेवर असा पंख लावून न्युर्बर्गरिंगला आणला होता, पण आयोजकांनी तो उतरवायला लावला. त्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकेत जिम हॉल यांच्या ‘शॅपरल २ई’ गाडीवर उंच खांबांवरचा पंख आला. ही गाडी फार विचारपूर्वक केलेली होती. स्वयंचलित गिअरमुळे चालकाचा डावा पाय मोकळा होता, आणि त्या पायाखालच्या पेडलने सरळ रस्त्यावर पंख आडवा करून हवेचा अडथळा कमी करता येत असे. पण माझ्या मते त्या गाडीतली सर्वांत हुशारीची जागा पंख नव्हती, तर त्याचे खांब जिथे टेकले होते ती जागा होती. ते गाडीच्या अंगावर नव्हे, तर थेट मागच्या चाकांच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, टेकले होते.

याचे महत्त्व असे. पंख गाडीच्या अंगावर बसवला, तर हवेचा भार आधी सस्पेन्शनच्या स्प्रिंगांवर येतो आणि मग टायरवर. हा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की भार चौपट. संथ वळणावर जवळपास शून्य आणि वेगवान वळणावर शेकडो किलो, अशा भाराखाली गाडी दबून रस्त्याला टेकू नये म्हणून स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. आणि स्प्रिंगा कडक केल्या की उंचवट्यांवर टायर उड्या मारतो आणि ज्या पकडीसाठी हे सगळे केले तीच सुटते. भार सरळ हबवर दिला, तर स्प्रिंगांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्या मऊ राहू शकतात.

१९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पंख आले आणि लोटसने हाच मार्ग घेतला: उंच, सडपातळ खांब, थेट चाकांवर. मात्र चाक सेकंदाला कित्येक वेळा वरखाली होत असते आणि हबवर टेकलेल्या खांबाला तो प्रत्येक धक्का सोसावा लागतो. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंटहुइकमधल्या रस्त्यावरच्या शर्यतीत, जिथे गाड्या एका उंचवट्यावर हलक्या होत असत, तिथे ग्रॅहम हिल यांच्या लोटसचा मागचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनंतर त्याच ठिकाणी योखेन रिंट यांच्या लोटसचाही पंख मोडला आणि त्यांची गाडी हिल यांच्या गाडीच्या अवशेषांवर जाऊन धडकली. हिल बचावले, रिंट यांच्या चेहऱ्याला दुखापत झाली. दोनच आठवड्यांनी मोनॅकोच्या शर्यतीत पहिल्या सरावानंतर उंच पंखांवर बंदी आली. पुढे पंख परत आले, पण ठेंगणे होऊन आणि एका अटीवर: हवेचा दाब निर्माण करणारा भाग गाडीच्या स्प्रिंगांवर तोललेल्या अंगालाच घट्ट जोडलेला हवा. ही अट सुरक्षिततेसाठी योग्यच होती, पण तिने भाराचा सरळ रस्ता बंद केला. पुढची बारा वर्षे चॅपमन यांचा संघ वळसे घालून त्याच रस्त्याकडे येत राहिला.

मधल्या काळात हवेचा भार मिळवायची जागाच बदलली. १९७५ च्या सुमारास लोटसचे वायुगतिकी तज्ज्ञ पीटर राइट लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या, सरकत्या जमिनीच्या विंड टनेलमध्ये (हवेचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) गाडीच्या छोट्या प्रतिकृतीची चाचणी घेत होते. आकडे काही केल्या स्थिर येईनात. तीच प्रतिकृती, तोच वेग, तरी खाली खेचणारे बल दर खेपेला वेगळे. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की, प्रतिकृतीचे दोन्ही बाजूंचे कप्पे हवेच्या वेगाबरोबर हळूहळू खाली वाकत होते, आणि त्यांच्या कडा जमिनीच्या जितक्या जवळ जात तितके बल वाढत होते. मग कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून उरलेली फटही जवळजवळ बुजवली, तेव्हा बलाचा आकडा एकदम उडी घेऊन वर गेला. एखाद्याने हे प्रतिकृतीच्या ढिलाईमुळे आलेले चुकीचे आकडे समजून सोडून दिले असते.

घडत होते ते असे. कप्प्याचा तळ विमानाच्या उलट्या पंखासारखा बाकदार होता. गाडीखाली शिरणारी हवा आधी चिंचोळ्या जागेतून जाते आणि मागे पुन्हा पसरते. चिंचोळ्या जागेत तिचा वेग वाढतो आणि, डॅनिएल बर्नुली यांनी अठराव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार, दाब घटतो. गाडीच्या वरचा दाब मात्र जवळपास तसाच राहतो आणि हा फरक गाडीला खाली ढकलतो. कडेची फट उघडी असेल, तर बाहेरची हवा आत घुसून तो कमी दाब भरून काढते. म्हणून त्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांसारखी, फट झाकणारी झालर हवी. मोठ्या पंखाने हवेचा विरोधही वाढतो, तर या पद्धतीत संपूर्ण तळाचा उपयोग होत असल्यामुळे त्याच विरोधात कितीतरी जास्त भार मिळतो.

१९७७ च्या ‘लोटस ७८’ने ही कल्पना रस्त्यावर आणली. त्या हंगामात मारिओ आंद्रेत्ती यांनी इतर कोणाही चालकापेक्षा जास्त, म्हणजे चार शर्यती जिंकल्या, पण वारंवार इंजिने निकामी झाल्याने विजेतेपद हुकले. शिवाय त्या गाडीत खेचणारा भार फार पुढे येत असे आणि तो तोलण्यासाठी मागे मोठा पंख लावून सरळ रस्त्यावरचा वेग गमवावा लागे. १९७८ च्या ‘लोटस ७९’मध्ये ही त्रुटी दूर झाली. इंधनाची एकच टाकी चालकाच्या पाठीमागे आली, सस्पेन्शनचे भाग हवेच्या वाटेतून हलवले गेले, आणि कडेच्या झालरी वरखाली सरकून खालच्या घर्षणरोधक सिरॅमिक पट्टीने सतत रस्त्याला टेकून राहू लागल्या. त्या वर्षीच्या सोळापैकी आठ शर्यती लोटसने जिंकल्या. आंद्रेत्ती विजेते ठरले. त्यांचे सहकारी रॉनी पीटरसन मात्र मोंझाच्या अपघातानंतर दगावले. स्वीडनच्या शर्यतीत ब्राबम संघाने गाडीखालची हवा पंख्याने उपसून काढणारी गाडी आणली आणि निकी लाउडा यांनी ती शर्यत जिंकली, पण पुढच्या शर्यतींतून ती गाडी मागे घेतली गेली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

यशाचे हे सूत्र आणखी पुढे नेताना लोटस अडखळला. १९७९ च्या ‘लोटस ८०’मध्ये झालरी गाडीच्या जवळपास पूर्ण लांबीला लावून पंखांची गरजच संपवायचा बेत होता. प्रत्यक्षात गाडी वेगात वरखाली हेलकावू लागली. गाडी खाली जाते तशी फट कमी होते, खेचणारे बल वाढते, गाडी आणखी खाली जाते. एका मर्यादेपलीकडे हवेचा प्रवाह कोंडतो किंवा झालर अडकून फट उघडते, बल अचानक तुटते, स्प्रिंगा गाडीला वर फेकतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. तीन शर्यतींनंतर ती गाडी बाजूला ठेवण्यात आली. त्या हंगामात लोटसला एकही विजय मिळाला नाही, तर ‘७९’चीच कल्पना जास्त ताठ सांगाड्यावर बसवणारा विल्यम्स संघ पुढे निघून गेला. हेलकावे थांबवायचे तर स्प्रिंगा जवळपास दगडासारख्या कराव्या लागत आणि चालकांना प्रत्येक धक्का पाठीच्या कण्यात जाणवत असे.

यावर लोटसने १९८१ मध्ये काढलेला ‘लोटस ८८’ हा तोडगा मला त्या काळातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. एका गाडीत दोन चॅसी, म्हणजे दोन सांगाडे. बाहेरची, म्हणजे पंख, तळ आणि कप्पे धरून ठेवणारी चॅसी, अतिशय कडक आणि छोट्या स्प्रिंगांनी थेट चाकांच्या आधारांवर टेकलेली. आतली, म्हणजे चालक आणि इंजिन असलेली चॅसी, मऊ स्प्रिंगांवर वेगळी तोललेली. हवेचा भार बाहेरून थेट टायरला आणि रस्त्याचे धक्के आत मऊपणे. जिम हॉल यांच्या खांबांनी १९६६ मध्ये जे केले, तेच इथे मोडणाऱ्या काठ्यांशिवाय साधले होते. प्रतिस्पर्धी संघांनी १९६९ च्या अटीकडे बोट दाखवले. बाहेरची चॅसीही स्प्रिंगांवरच आहे, असा चॅपमन यांचा युक्तिवाद होता आणि अक्षरशः पाहता तो खोटा नव्हता, पण तो मान्य झाला नाही. ‘८८’ एकही शर्यत धावली नाही. १९८२ च्या डिसेंबरमध्ये चॅपमन वारले आणि १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला.

पीटर राइट यांनी मात्र तोच प्रश्न तिसऱ्या बाजूने धरला. स्प्रिंग एकाच वेळी मऊ आणि कडक असू शकत नाही. पण स्प्रिंगेच्या जागी संगणकाच्या हुकमावर चालणारा हायड्रॉलिक दट्ट्या ठेवला, तर तो रस्त्याच्या धक्क्याला मऊपणे आणि हवेच्या भाराला कडकपणे उत्तर देऊ शकतो. १९८३ चा प्रयत्न जड आणि कच्चा ठरला. १९८७ मध्ये आयर्टन सेन्ना यांनी अशाच सस्पेन्शनच्या ‘लोटस ९९टी’मधून मोनॅको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या. या तंत्राचे पूर्ण फळ १९९२ मध्ये विल्यम्सच्या पदरात पडले, आणि १९९४ पासून त्यावरही बंदी आली. लोटसचा मूळ संघ त्याच वर्षाच्या अखेरीस ॲडिलेडमध्ये शेवटची शर्यत धावला.

२०२२ मध्ये फॉर्म्युला वनने बाकदार तळ पुन्हा आणला, तेव्हा फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या पहिल्याच चाचणीत गाड्या सरळ रस्त्यावर हेलकावू लागल्या. संघांकडे अतिशय प्रगत विंड टनेल आणि संगणकीय प्रतिमाने होती. पण टनेलमध्ये ताठ आधारावर धरलेली प्रतिकृती स्वतःहून उसळत नाही. संगणकाने चालणारे सस्पेन्शन वापरायला मुभा नव्हती आणि भार सरळ चाकांवर देणेही नियमात बसत नव्हते, तेव्हा उरला तो एकच उपाय, गाडी उंच आणि कडक करण्याचा. २०२३ साठी नियम करणाऱ्यांनी तळाच्या कडा १५ मिलिमीटरने वर घेतल्या.