पेज 'हलकी' असते म्हणजे काय?

गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात नागली घेत होतो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, आणि नाचणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं नागली.) दोन किलो मापून झाल्यावर मावशींनी विचारलं, "भाकरीला नेता का पेजेला?" मला वाटलं, दोन्हींसाठी वाण वेगळे असतील. तसं काही नव्हतं. "पेजेला नेत असाल तर गिरणीवाल्याला भरड काढायला सांगा," त्या म्हणाल्या. "बारीक पिठाची पेज पोटात थांबत नाही. अकरा वाजत नाहीत तो परत भूक."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण पेजेचं कौतुक आपण नेमकं उलट्या कारणासाठी करतो. ताप उतरलेल्याला पेज, बाळंतिणीला पेज, पोट बिघडलं की पेज. का, तर हलकी असते, चटकन पचते. आणि या बाई सांगत होत्या की चांगली पेज ती, जी पोटात थांबते. दोन्ही खरं आहे. फरक पडतो तो दळणात आणि पातेल्यात.

आधी पातेलं बघू. नागलीचं पीठ गार पाण्यात कालवलं की पाणी गढूळ होतं, दाट होत नाही. ढवळणं थांबवलं की पीठ तळाशी बसतं. पिठातला स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असतो आणि त्या कणांत ग्लुकोजच्या, म्हणजे साखरेच्या, लांब साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. गार पाण्याला आत फारसा शिरकाव नाही. आता पातेलं गॅसवर ठेवा आणि पळी फिरवत राहा. बराच वेळ काहीच घडत नाही. मग पाणी साधारण ६५-७० अंशांच्या पुढे गेलं की, कडेला बुडबुडे यायच्याही आधी, मिनिटभरात पळी जड लागायला लागते. रचना मोडते, कण पाणी पिऊन टम्म फुगतात, काही फुटतात आणि साखळ्या बाहेर सांडतात. नेमका याच वेळी हात थांबला तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. बाहेरचा थर फुगून चिकट होतो, त्यातून पाणी आत जात नाही, आणि खाताना दाताखाली कोरडं पीठ येतं.

कच्चा स्टार्च तोडायला आपल्या पाचक विकरांना (एन्झाइम्सना), म्हणजे अमायलेजला, फार वेळ लागतो. शिजून फुगलेल्या साखळ्या उघड्या पडलेल्या असतात. त्या तोंडातल्या लाळेपासूनच तुटायला लागतात. पेजेचा हलकेपणा म्हणतात तो हाच. पचनाचं निम्मं काम आचेने आधीच उरकलेलं असतं. आजाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे. धडधाकट माणसाने सकाळी आठला खाऊन दुपारी एकपर्यंत काम करायचं असेल, तर हीच सोय नडते.

इथे दळण येतं. धान्याच्या दाण्यात स्टार्च मोकळा पडलेला नसतो, पेशींच्या भिंतींआड बंद असतो. बारीक दळलं की बहुतेक भिंती फुटतात. भरडीत बऱ्याच शाबूत राहतात, आणि त्या भिंती तोडणारं विकर माणसाच्या शरीरात नाही. विकरांना आत झिरपत जावं लागतं, म्हणून साखर रक्तात हळूहळू उतरते. ब्रिस्टलचे डॉक्टर केनेथ हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे गव्हावर दाखवलं होतं. अख्खे गहू, भरडलेले गहू, जाडसर पीठ, बारीक पीठ, अशा चढत्या क्रमाने तेच धान्य दिलं तर रक्तातलं इन्सुलिन पायरीपायरीने वर जात होतं. धान्य तेच, फरक फक्त जात्याचा. (हेच हीटन पुढे १९९७ साली मलाच्या सात प्रकारांच्या तक्त्यामुळे प्रसिद्ध झाले. पोटाच्या डॉक्टरांच्या भिंतीवर तो बऱ्याचदा लावलेला असतो आणि पेशंट त्याच्याकडे बघायचं टाळतात.)

मग पेजेत बहुतेक पाणीच, म्हणजे ती लवकर पुढे सरकणार, असं वाटेल. इथे जठर थोडं चकवतं. जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायूंचं एक दार असतं. साधारण एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे ते अडवतं आणि परत घुसळायला मागे पाठवतं. पाणी मात्र बाजूने निसटून जातं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात संशोधकांनी लोकांना कोंबडी, भाज्या आणि सोबत पेलाभर पाणी दिलं. दुसऱ्या वेळी तेच सगळं घोटून सूप करून दिलं आणि एमआरआयने जठरात डोकावलं. सूप जास्त वेळ जठरात राहिलं, आणि पोट भरल्याची भावनाही जास्त टिकली. कारण सूपमध्ये पाणी वेगळं उरलंच नव्हतं. ते अन्नात मिसळून गेलेलं, मग निसटणार कसं?

दाट पेजेतही तेच होतं. वाटीभर पेजेत नागली दोन-तीन चमचेच असते, बाकी पाणी. पण ते पाणी फुगलेल्या स्टार्चने धरून ठेवलेलं असतं. पोळी खाऊन वर पाणी प्यायलात तर ते पाणी लवकर निघून जातं. पेजेतलं बसून राहतं, जठर ताणलेलं ठेवतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला मिळत राहतो. म्हणजे मावशींच्या सूचनेत मी एक भर घालेन: भरड काढा, आणि दाट शिजवा. पाण्यासारखी पातळ पेज तहानेला ठीक आहे.

ओट्सचं काय, असं गंगापूर रोडवर सकाळी चालायला भेटणारी मंडळी हमखास विचारतात. ओट्सकडे एक हत्यार आहे जे नागलीत फारसं नाही. बीटा-ग्लुकन हा पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा तंतू. तो आतड्यातला मजकूर चिकट करतो, साखरेचं शोषण मंदावतो आणि पित्ताम्लं स्वतःबरोबर बाहेर नेतो. ती भरून काढायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली ती यावरूनच, आणि त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं असं धरलं. ओट्समध्ये ते चारएक टक्के असतं, म्हणजे रोज ७५ ग्रॅम कोरडे ओट्स झाले. आपण वाटीत घालतो चाळीसएक. शिवाय दोन मिनिटांत होणारे मसाला ओट्स आधीच शिजवून, पातळ लाटून वाळवलेले असतात. जाड ओट्सपेक्षा त्यांनी साखर लवकर चढते. ओट्स वाईट नाहीत, पण पाकिटावरचं हृदयाचं चित्र बघून खायचे तर वजनकाट्यावर मोजून खावेत.

नागलीची बाजू वेगळी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ११ ग्रॅम तंतू नोंदलेले आहेत; पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्याही आत. नागलीतला बहुतेक तंतू न विरघळणारा. तो पाणी धरतो, मलाचं आकारमान वाढवतो, आणि मोठ्या आतड्याला ढकलायला काहीतरी मिळतं. सकाळची वेळही त्याला अनुकूल असते. जठर भरलं की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा इशारा जातो आणि हा प्रतिक्षेप सकाळी सर्वांत जोरकस असतो. न्याहारी टाळून नुसत्या चहावर ऑफिस गाठणाऱ्यांच्या अनेक तक्रारींचं मूळ मला तरी इथे दिसतं.

लहान आतड्यात जे पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पानात पडतं. ते त्यापासून आखूड साखळीची मेदाम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. रात्रीची पेज सकाळी बघा. वर साय धरलेली, कडेला थोडं पाणी सुटलेलं, मध्ये वडीसारखा घट्ट गोळा. गार होताना स्टार्चच्या काही साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि अशा घट्ट होतात की विकरांना दाद देत नाहीत. हा न पचणारा स्टार्च परत गरम केल्यावरही पुष्कळसा टिकतो. शिळी पेज म्हणून नाकं मुरडली जातात, जिवाणू मात्र तिच्यावर खूश असतात. फक्त रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवा.

आंबील ही याच्याही पुढची पायरी. पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी शिजवतात. नागलीत फायटेट नावाचा एक अडथळा असतो. तो कॅल्शियम, लोह आणि जस्त धरून ठेवतो, त्यामुळे तक्त्यातलं सगळं कॅल्शियम आपल्या वाट्याला येत नाही. आंबताना आम्लता वाढते, धान्यातली आणि जिवाणूंची विकरं फायटेट तोडतात आणि खनिजं थोडी मोकळी होतात. उकळल्यावर ताकातले जिवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं काम राहतं. जिवंत जिवाणू हवे असतील तर आंबील कोमट झाल्यावर वरून आणखी ताक घालावं. चवीलाही तेच बरं. हिरवी मिरची, लसूण आणि जिरं ठेचून घातलं की डिसेंबरात, पारा दहाच्या खाली असताना, दुसरं काही नको वाटतं.

आईकडून शिकलेला एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. नागली भिजवून मोड आणा, सावलीत वाळवा, दळा. हे झालं सत्त्वाचं पीठ. घट्ट शिजवलेली पेज खाण्याइतपत गरम, चटका न बसेल अशी झाली की त्यात चमचाभर हे पीठ घालून ढवळा. बघता बघता पेज सैल होते, पाणी घातल्यासारखी. मोड येताना दाण्यात तयार झालेलं अमायलेज स्टार्चच्या साखळ्या कापत सुटतं. उकळत्या पेजेत घातलंत तर विकरच मरतं आणि काही होत नाही. बाळाचं पोट मुठीएवढं. घट्ट खिमट त्याला गिळवत नाही आणि पातळ केलं तर पोटात नुसतं पाणी जातं. ही चमचाभर युक्ती पीठ तेवढंच ठेवून पेज पातळ करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात याच तत्त्वावर बालआहाराचं बरंच काम झालं. मधुमेह्याने मात्र या सत्त्वापासून जपून राहावं. बाळाला जे सोपं, ते त्याची साखर चढवायलाही सोपं.

रविवारच्या मिसळीवर मी काही बोलणार नाही, नाशिकमध्ये राहायचंय मला. एवढंच सांगतो की मोड आलेली मटकी तंतूंच्या बाबतीत पेजेला भारी पडते. त्रास देते ती वरची तर्री, पाव आणि शेवटची जिलेबी.

पेज सुरू करणाऱ्यांच्या पोटात पहिला आठवडा गुडगुडतं, वात धरतो. जिवाणूंना अचानक जास्त खाद्य मिळाल्याचं ते लक्षण. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी आणि दिवसभरात पाणी वाढवावं, कारण तंतू वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर बद्धकोष्ठ उलट वाढतो. शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं, तर पेजेचे प्रयोग थांबवून डॉक्टरकडे जावं.

नागली घेऊन गिरणीत गेलो तेव्हा आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण चालू होतं. गिरणीवाल्याने माझ्या नागलीचं पहिलं मूठभर पीठ बाजूला काढलं. "हे गव्हाचंच निघतं, साहेब. गाईला घाला." नागलीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं, पण गिरणीच्या दगडाला ते ठाऊक नसतं. सीलिअॅकचा त्रास असणाऱ्याला, म्हणजे ज्याला ग्लुटेन सोसतच नाही त्याला, ती एक मूठ बाजूला काढून भागत नाही. त्याने भरड घरच्या मिक्सरवरच काढावी.