हौशी पूल स्पर्धेतलं टेबल असं का असतं?

पूल म्हणजे क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा चेंडू मारून बाकीचे चेंडू टेबलाच्या पॉकेटमध्ये (भोकांत) घालायचा खेळ. त्याच्या हौशी स्पर्धेत हरलेला खेळाडू बाहेर येऊन टेबलाबद्दल बोलतो. कापड ओढतंय, कुशन (कडेची रबरी पट्टी) मेलीय, पांढरा चेंडू जड आहे. ऐकणाऱ्याला ते कारण सांगणं वाटतं. पण ही तक्रार पुष्कळदा खरी असते, आणि तिचं मूळ त्या दिवशीच्या आयोजकाच्या फार मागे सापडतं.

'पूल' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. 19व्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर लोक पैसे एकत्र करून लावत, त्या जागांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधे गिऱ्हाईक निघून जाऊ नये म्हणून तिथे बिलियर्ड्सची टेबलं मांडली गेली, आणि जागेचं नाव खेळाला चिकटलं. म्हणजे टेबल तिथे आलं ते दुसऱ्याच धंद्याच्या सोबतीला. हौशी पूलमध्ये बऱ्याच ठिकाणी ते आजही तसंच उभं आहे. माझ्या मते बाकीची सगळी गुंतागुंत यातूनच निघते.

खुद्द टेबल तोवर बरंच सुधारलं होतं. लंडनच्या जॉन थर्स्टनने 1826 च्या सुमारास लाकडी तळाऐवजी स्लेटचा दगड वापरायला सुरुवात केली, कारण लाकूड हवेप्रमाणे फुगायचं आणि वाकायचं. पुढे त्याने रबरी कुशन आणल्या. साधं रबर थंडीत दगडासारखं व्हायचं, म्हणून खेळाआधी गरम पाण्याची भांडी ठेवून कुशन शेकाव्या लागत. 1840 च्या दशकात व्हल्कनाइज्ड (गंधक घालून तापवलेलं) रबर आलं तेव्हा ही कटकट संपली. चेंडू हस्तिदंती असत. दमट-कोरड्या हवेने ते वेडेवाकडे व्हायचे, तडकायचे, शिवाय हत्ती संपत चालले होते. 1863 मध्ये अमेरिकेतल्या फेलन अँड कॉलेंडर कंपनीने पर्यायी चेंडू शोधणाऱ्याला 10,000 डॉलर देऊ केले. जॉन वेस्ली हायटचा सेल्युलॉइडचा, म्हणजे सुरुवातीच्या प्लॅस्टिकचा चेंडू त्याच खटपटीतून आला. आजचे चांगले चेंडू फिनॉलिक रेझिन या टणक प्लॅस्टिकचे असतात आणि वर्षानुवर्षं गोल राहतात. एकसारखं टेबल आणि एकसारखे चेंडू बनवण्याचा प्रश्न अशा रीतीने कधीच सुटला. तरी हौशी खेळाडूच्या वाट्याला एकसारखेपणा आला नाही, कारण मधे नाण्यावर चालणारं टेबल आलं.

20व्या शतकाच्या उत्तरार्धात ही टेबलं अमेरिकेतल्या बारमध्ये पसरली. जागा कमी, म्हणून 7 फुटी. नाणं टाकलं की चेंडू सुटतात, पॉकेटमध्ये गेलेला चेंडू आत अडकून राहतो. पांढरा मात्र चुकून पॉकेटमध्ये गेला तर परत यायलाच हवा. मग यंत्राने तो ओळखायचा कसा? उपाय दोन निघाले: पांढरा चेंडू थोडा मोठा करायचा, नाहीतर आकार तोच ठेवून आत धातू घालायचा, म्हणजे चुंबक त्याला वेगळा काढतो. दोन्हीत तो बाकीच्या चेंडूंपेक्षा बहुधा जड होतो.

याचा परिणाम टेबलावर उभं राहूनच कळतो. सारख्या वजनाचे चेंडू असले आणि पांढरा न फिरता सरळ जाऊन आदळला, तर तो जागच्या जागी थांबतो. जड पांढरा अशा वेळी थांबत नाही, वीतभर पुढे सरकतो. मागे खेचायचा म्हटलं तर जास्त खाली आणि जास्त जोरात मारावं लागतं. वर्षभर सारख्या वजनाच्या चेंडूंवर सराव केलेल्या माणसाचा हात अशा टेबलावर पहिल्या दोन फ्रेममध्ये हमखास फसतो. त्याला नवशिका म्हणणं अन्याय आहे.

हौशी लीग याच टेबलांवर वाढल्या. 1979 मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी सुरू केलेली लीग पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली. कच्च्या आणि पक्क्या खेळाडूला समोरासमोर खेळता यावं म्हणून त्यांनी हँडिकॅपची, म्हणजे कच्च्याला सवलत देण्याची पद्धत बसवली, आणि सामने जिथे टेबलं आधीच होती तिथे, म्हणजे बारमध्ये घेतले. खेळाचा पसारा त्यामुळे प्रचंड वाढला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण टेबलाची निगा मालकाकडेच राहिली. नवं कापड घालून त्याची नाणी वाढत नाहीत.

दुसऱ्या बाजूला वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे मापदंड आहेत. 9 फुटी टेबलाचा खेळायचा भाग 100 बाय 50 इंच, चेंडू सव्वादोन इंची, कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, टेबलावर सगळीकडे किमान 520 लक्स (उजेडाचं माप) उजेड. हे आकडे व्यावसायिक स्पर्धेसाठी आहेत, जिथे टेबलं स्पर्धेसाठीच आणून बसवतात. हौशी आयोजक आहे त्या खोलीत खेळवतो. क्यू साधारण 58 इंचांची, म्हणजे 9 फुटी टेबलाला लांबीच्या दिशेने 18 फूट तरी मोकळे लागतात. भिंत जवळ असली की खेळाडू आखूड क्यू घेतो, नाहीतर मूठ उंच उचलून वरून टोचतो.

हवा तर कोणाच्याच हातात नाही. दमट दिवशी लोकरीचं कापड ओलावा धरतं, चेंडू लवकर थांबतो, कुशनवरून परततानाचा कोन बदलतो. कॅरम बिलियर्ड्सच्या (पॉकेट नसलेल्या टेबलावरच्या खेळाच्या) स्पर्धेत यासाठी स्लेट खालून तापवतात. पूलमध्ये ती चाल नाही.

आणि रॅकची जागा, म्हणजे खेळ सुरू करताना चेंडू जिथे एकत्र मांडतात ती. शेकडो ब्रेक, म्हणजे ती मांडणी फोडणारे पहिले फटके, झाल्यावर पहिल्या चेंडूखाली कापडाला बारीक खळगा पडतो. चेंडू त्यात बसतो, मागच्या दोघांपासून केसभर सुटतो आणि ब्रेक विखुरतच नाही. चेंडूंखाली पातळ प्लॅस्टिकचा साचा ठेवण्याची पद्धत आली ती यावरच उतारा म्हणून. मला ती मनापासून पटते: स्वस्त आहे, आणि रॅक कोणी लावला यावरून होणारे वाद मिटवते.

वेळेचा हिशेब मात्र कोणी आधी करत नाही. डबल एलिमिनेशनमध्ये, म्हणजे दोनदा हरल्यावरच खेळाडू बाद होतो त्या पद्धतीत, 32 खेळाडूंचे किमान 62 सामने होतात. चार टेबलं आणि सामन्याला अर्धा तास धरला तरी न थांबता जवळजवळ आठ तास. प्रत्यक्षात अंतिम सामना मध्यरात्रीकडे ढकलला जातो आणि सकाळपासून न पुसलेल्या चेंडूंवर होतो. क्यूच्या टोकाला घासतात त्या चॉकचा चेंडूला लागलेला एक ठिपका नेमका दोन चेंडूंच्या मधे आला, तर क्षणभर घर्षण वाढतं आणि अचूक नेम धरलेला चेंडू पॉकेटच्या कडेला लागून बाहेर राहतो. दिवसभर जिंकत आलेला माणूस अशा वेळी स्वतःचाच हात चुकला असं समजून खुर्चीत जाऊन बसतो. ओलसर फडक्याने सोळाच्या सोळा चेंडू पुसायला पाच मिनिटं लागतात. अंतिम सामन्याआधी तेवढी पाच मिनिटं आयोजकाने काढावीत, आणि पांढरा जड आहे की नाही हे प्रवेशिका घेतानाच सांगावं.